माझ्याकडे तर चालतं!

बारांकिया शहरात बसच्या रांगेत उभ्या असलेल्या यादिरा नर्सच्या मागे इस्पितळातले एक डॉक्टर आणि त्यांची सहकारी बोलत होते.

"या नर्सबायकांना अक्कल नाही, नूबिया. म्हणे हात धुण्याचा ऑनलाइन धडा उघडतो, पण व्हिडिओ दिसत नाही!"

"व्हिडिओचं फोल्डर वेबसाइटवर टाकलंस का, एवारिस्तो?"

"ते कशाला? माझ्या बॅगेतल्या या लॅपटॉपवर झकास चालतं."

"अरे शहाण्या, व्हिडिओ तुझ्या लॅपटॉपमध्येच बसलाय! त्यांना कुठून दिसणार?"

"अरे देवा! व्हिडिओ पाहिला नाही म्हणून सगळ्यांना नापास केलंय मी. सोमवारपासून त्यांचं काम बंद."

"मग चूक कबूल कर."

"छे! म्हणेन, बायकांनी लक्ष दिलं नाही."

यादिरा वळली.

"डॉक्टर, काढा तो लॅपटॉप. ही अख्खी रांग आमच्याच वॉर्डातल्या नर्सची आहे. सगळ्या मिळून लक्ष देतो."