आतल्या पट्टीवरचं नाव

नाही, तो निळा कपॅसिटर नाही देणार. ठेव खाली. अरे, ठेव म्हणते ना! डबा कोरा आहे, वरचं निळं वेष्टण अजून चकाकतंय — माहीत आहे मला, दर रविवारी मीच पुसते ते. पण तुझ्या अॅम्प्लिफायरमध्ये तो नाही जायचा. जुने रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे येतात, त्यांच्यासाठी मांडलेत. ते लोक त्याचं पोट कोरून काढतात आणि आत नवा कपॅसिटर बसवतात — वरून जुनं दिसतं, आतून काम चालतं. तुला तसं करायचंय? नाही ना? तुला गिटार वाजवायचीय. मग सोड त्याला.

बघू ती यादी. इंटरनेटवरनं उतरवलीस — वाटलंच मला. हे बघ, काय लिहिलंय इथं, ‘शक्यतो जुन्या साठ्यातले, कधीही न वापरलेले’. ज्यानं लिहिलं त्याला आण माझ्यासमोर उभा करून! तू शाळेत गणित शिकवतोस म्हणालास ना मघाशी? मी सहावीपर्यंत शिकले, तीही मेक्सिकोत, मिचोआकानात, सगळे वर्ग एकाच खोलीत. पण हे माझं ऐक, मास्तर. व्हॉल्व्ह जुना चालतो. काचेची नळी आहे, आत पोकळी आहे, चाळीस वर्षं डब्यात राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. अॅम्प चालू ठेवून पेन्सिलीनं टकटक करायची, अशी — स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर परत ठेवायचा, नाही आला तर घ्यायचा. पण हा कपॅसिटर, ह्याच्या पोटात ओल असते. वीज मिळत राहिली तर ती ओल टिकते. हा वापरून मरत नाही, नुसता पडून राहून मरतो. आणि मेलाय हे वरून कळत नाही. म्हणून हे काळे घे, ह्याच वर्षीचे. दिसायला भिकार आहेत. असू देत. तुझ्या अॅम्पच्या पोटात कोण डोकावणारे?

आणि हा ट्रान्सफॉर्मर — उचल की, बघतोस काय! दोन्ही हातांनी. जड आहे ना? लोखंड आणि तांबं, ह्यात लबाडी करता येत नाही. खर्चाला हात सैल सोडायचा असेल तर इथं सोड. केबल लावायच्या त्या सोनेरी खुंट्या आणि काय काय लिहिलंयस, ते सगळं खोड. आवाज खुंटीतून येत नाही.

कुठं शिकले? कारखान्यात, अजून कुठं. इथनं वीस मिनिटांवर, रिव्हरसाइडला होता, आता तिथं गाद्यांचं दुकान आहे. चौदा वर्षं केलं. आम्ही सगळ्या बायकाच होतो सोल्डरिंगला, सगळ्या आमच्याकडच्याच. मुकादम म्हणायचा, तुमची बोटं बारीक. बोटं कसली बारीक — आम्ही गप्प काम करायचो, ते त्याला बरं पडायचं. मला एदुविहेस म्हणता यायचं नाही त्याला, तर एडी म्हणायचा. पण एक पद्धत होती तिथं — अॅम्प जोडून झाला की जिनं जोडला तिनं कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा आत लावायचा आणि पेन्सिलीनं नाव लिहायचं. म्हणजे बिघडून परत आला तर कुणाला ओरडायचं ते कळावं. आता लोक मागचं झाकण उघडून आमची नावं शोधतात! परवा एक जण आला, म्हणे तुम्हीच का त्या एडी? फोटो काढला माझ्याबरोबर. मका भाजतोय ना तो नाचो, त्याच्यासमोर. तेव्हापासनं तो मेला मला ‘सिनेमावाल्या बाई’ म्हणतो. — ए नाचो, तुझा मका बघ तू, जळला!

घरी? घरी एकच बांधला. मुलीसाठी. इत्सेल. गिटार अशी वाजवायची ती — अशी म्हणजे — जाऊ दे, मला सांगता येत नाही. पोरींचा बँड होता, चौघींचा. लॉस एंजेलिसला एका मोठ्या जागी वाजवायचं ठरलं, तिथं रेकॉर्ड काढणारी माणसं ऐकायला येणार होती. म्हटलं, माझ्या लेकीनं दुकानातला अॅम्प घेऊन जायचं? मी असताना? सहा आठवडे खपले. एक एक वायर सरळ, सोल्डरचा एक एक थेंब आरशासारखा. आत पट्टी लावली. एडी नाही लिहिलं, पूर्ण नाव लिहिलं. तिनं वाचलं आणि बोट फिरवलं त्याच्यावरनं.

दुसऱ्या गाण्यात धूर निघाला. लोक आधी हसले, त्यांना वाटलं मुद्दामच काढलाय. मग अॅम्प बंदच पडला. बाकीच्या तिघींनी कसंबसं गाणं संपवलं, ही नुसतीच उभी, हातात गिटार, आवाज नाही. पोरींना काय, घाई असते — स्पीकरची केबल घट्ट न लावता अॅम्प चालू केला, ती मध्येच निसटली, की जातोच तो. तेच केलं असणार तिनं. मी म्हटलंच तिला तेव्हा. सरळ तोंडावर म्हटलं — अगं, एवढं शिकवलं, केबल बघायला नको होती का? झालं. त्या माणसांनी परत बोलावलं नाही, बँड मोडला, पोरगी गेली टुसॉनला. डोळ्यांच्या डॉक्टरकडं काउंटरवर बसते आता. बरी नोकरी आहे.

म्हणून सांगते, हे निळे घेऊ नकोस. मी तो अॅम्प उघडून बघितलाय ना — फुगलेला, फुटलेला, आतला चीक बाहेर आलेला गोंदासारखा, आणि ट्रान्सफॉर्मर काळा ठिक्कर, तो वास —

काय?

हो, आधी मी केबल म्हटलं. म्हटलं होतं. आणि आता कपॅसिटर म्हणतेय. वा रे मास्तर, चुकलेली बेरीज नेमकी दिसते तुला.

निळाच होता. ह्याच पेटीतला. कारखाना बंद होताना मी पेटी घरी आणली होती, अठरा वर्षं ठेवली जपून, कधीतरी काही चांगलं बांधीन म्हणून. मला ठाऊक नव्हतं का? चौदा वर्षं काम केलेल्या बाईला? ठाऊक होतं. पण लेकीच्या अॅम्पमध्ये काळा, भिकार, परवा बनलेला घालू? मला वाटलं, माझ्या हातचा आहे, टिकेल. चार तास चालवून बघितला होता घरी. चांगला वाजला. आणि त्या दिवशी दुसऱ्याच गाण्यात —

नाही, खोटं नव्हते बोलत मी. तेव्हा नाही. तेव्हा खरंच वाटलं केबल असेल. स्टेजच्या मागं, सगळ्यांसमोर, तोंडातनं निघून गेलं. झाकण दुसऱ्या दिवशी उघडलं. ती बाहेरच्या खोलीत रडत होती आणि मी गॅरेजमध्ये तो फुटलेला तुकडा हातात घेऊन. पाच मिनिटांचं काम होतं. उठायचं, आत जायचं, दाखवायचा. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. शेजाऱ्यांच्या कचऱ्यात, आमच्या नाही. आत नाव माझं, आणि दोष तिच्या नावावर.

गिटार विकून टाकली तिनं. नऊ वर्षं झाली. दर नाताळला पत्र येतं, फोन असूनही हातानं लिहिते. तब्येत, हवा, ऑफिस — आणि खाली, दर वेळी, ‘आई, त्या अॅम्पबद्दल माफ कर मला’. मी लिहिते, अगं, विसर आता. मी! मी तिला माफ करते! येत नाही ती. वाटतं तिला, माझं तोंड बघितलं की आईला ते आठवतं. आठवतंच. नाताळात मक्याच्या पानात उकडलेले तामाले करते मी अजून, वीस-वीस. एकटीनं किती खायचे? नाचोला देते. तो म्हणतो, मीठ कमी.

आत्ता फोन? आत्ता काय सांगू तिला, भर बाजारात? रविवार आहे, घरीच असेल, ते खरं. पण — तू कशाला थांबतोयस? तुझं झालं ना? हा घे ट्रान्सफॉर्मर, हे काळे, हे चार व्हॉल्व्ह. — नंबर आहे की. पाठ आहे. तू काय माझ्यावर पहारा करणार, मास्तर? बरं. बरं! बघच तू, भितेय का मी. लावते. — वाजतोय. — वाजतोय. — उचलत नाहीये, निरोपाचं मशीन लागलं, मशीनवर काय —

इत्सेल? मी बोलतेय. आई. काही नाही, सहजच. बाजारात आहे. ऊन आहे इथं. ते — अगं, तुझ्या त्या अॅम्पचं — तू ती केबल — तू जेवतेस ना नीट? काउंटरवर बसून काहीबाही खाऊ नकोस. तुझा निळा स्वेटर आहे इथं, धुऊन ठेवलाय. बस, एवढंच. ठेवते.

काय बघतोस? केला ना फोन? केबल म्हटलं की नाही? मग! कळेल तिला, लहान आहे का ती. — पिशवी खालून धर, ट्रान्सफॉर्मर जड आहे, फाटेल. आणि चल, बाजूला हो, मागं माणसं उभी आहेत.

कुणी नसेना का. बाजूला हो म्हटलं ना.