व्ही म्हणजे विश्राम

बसा, बसा. उभं राहायचं ते शेवटी. आणि हा माइक कुणीतरी जरा खाली करा, तो माझ्या तोंडासमोर नाही, कपाळासमोर आहे. हां, पुरे.

कारापूरची माणसं आलीत, डिचोलीची आलीत, हरमलहून टेम्पो भरून आलीत. विद्यापीठाचे साहेब लोक मंचावर आहेत. इतक्या माणसांसमोर मी जन्मात कधी बोललो नाही. इतक्या माणसांना मी फक्त चहा दिलाय. हातात हा कागद आणलाय. तो वाचताही येणार नाही, कारण चष्मा पेडण्याला घरी राहिला. दाराला कडी घातली की नाही, तेही आठवत नाही. म्हापशाहून पेडण्याची शेवटची बस चुकली तर काय करायचं, हा घोर वेगळाच. तरी बोलणार. सुनंदाबाईंची भाची नीता मला म्हणाली, "काका, तुमी दोन शब्द तरी सांगा." खरं सांगू? माझ्याकडे दोनच शब्द आहेत. ते शेवटी सांगतो.

माझं नाव महादेव. सह्यसागर विद्यापीठाच्या रशियन विभागात मी एकतीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण चौथी. सुनंदाबाई त्या विभागात शिकवायच्या. गेल्या सोमवारी त्या गेल्या. ही त्यांची शोकसभा. हे मुद्दाम सांगतोय, कारण तासभर पुढच्या रांगेत बसून ऐकताना मला शंका आली, आपण भलत्याच सभेला येऊन बसलो की काय.

तासभर काय ऐकलं मी? एक साहेब म्हणाले, रशियन अभ्यासाची दीर्घ परंपरा. दुसरे म्हणाले, उज्ज्वल परंपरा. तिसरे म्हणाले, दीर्घ आणि उज्ज्वल परंपरा. त्यांना बहुतेक वेळ भरायचा होता. आणि अधिष्ठाता साहेब बाईंना 'सुनीताबाई' म्हणाले. तीनदा म्हणाले. पहिल्यांदा वाटलं, जीभ घसरली. दुसऱ्यांदा वाटलं, उन्हातून आलेत बिचारे. तिसऱ्यांदा कळलं, यांना माहीतच नाही.

साहेब, मागे वळून बघा. तुमच्याच बॅनरवर आहे. 'डॉ. एस. व्ही. गावस.' एस म्हणजे सुनीता नव्हे. बरं, व्ही म्हणजे काय? सांगा बघू. बघा मंडळी, कसे एकमेकांकडे बघतायत. सभा सुरू व्हायच्या आधी मी त्यातल्या एका सरांना विचारलं होतं, "सर, व्ही म्हणजे काय ओ?" सर म्हणाले, "अरे म्हादू, इनिशियल आहे ते." मोठा शोध लावला सरांनी!

रागावू नका. किंवा रागवा. निवृत्त माणसाची बदली कुठे करणार तुम्ही?

मंडळी, रशियन भाषेचा पहिला धडा नावाचा असतो. त्या लोकांत मान द्यायचा तर साहेब, राव, बाई असलं काही लावत नाहीत. माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यापुढे बापाचं नाव घ्यायचं, शेपूट लावून. बाप इव्हान असेल तर मुलगा इव्हानोविच, मुलगी इव्हानोव्ना. शिक्षकाला, वडीलधाऱ्याला, परक्याला अशीच हाक मारायची. नुसतं नाव घेतलं तर लगट झाली, नुसतं आडनाव घेतलं तर पोलीस चौकी झाली. दर वर्षी पहिल्या दिवशी बाई हे फळ्यावर लिहायच्या आणि तास संपला की मी ते पुसायचो. दाराशी स्टुलावर बसून ऐकलं आणि पुसता पुसता अक्षरं शिकलो. म्हणजे पहिला धडा मी एकतीस वेळा शिकलो. आणि हे परंपरावाले? हे एकदाही नाही.

माझी गोष्ट सांगतो. मी लागलो त्याच वर्षी बाई मुलांना धडा समजावत होत्या. उदाहरण हवं होतं म्हणून दाराकडे वळून त्यांनी मला विचारलं, "महादेव, तुझ्या बापाशीचां नांव काय रे?"

मी म्हटलं, "बाई, थंय रेघ आसा."

माझ्या कागदपत्रांवर बापाच्या नावाच्या जागी रेघ आहे. पेडण्यात देवळाच्या चाकरीतल्या पुष्कळ घरांत अशा रेघा होत्या. आता लोक काहीतरी लिहून ती जागा भरून टाकतात. माझ्या आईने भरली नाही. माझी आई तुळसा. देवळाची झाडलोट करून तिने मला चौथीपर्यंत नेलं. विद्यापीठात मला कुणी म्हादू म्हणायचं, बाकीचे नुसतंच 'ए' म्हणायचे. त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि जमीन दुभंगली तर बरं, असं मला झालं होतं.

बाईंनी खडू उचलला. मग म्हणाल्या, "आणि आवयचां?"

"तुळसा."

त्यांनी फळ्यावर लिहिलं, महादेव तुळसिच. मुलं हसली. एक हुशार मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, चुकलं. आईच्या नावावरून करत नाहीत."

बाई म्हणाल्या, "बरोबर, चुकलंय. तू वहीत लिहू नको. पण ह्याला हाक मारायची ती हीच."

त्या दिवसापासून बाईंनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. एकदा रशियाहून एक प्राध्यापक आले होते. त्यांनी ती हाक ऐकून बाईंना विचारलं, तुळसा हे इकडे पुरुषाचं नाव असतं का? बाई म्हणाल्या, "ह्याच्या पेडण्यात असतं." प्राध्यापकांनी उठून माझा हात हातात घेतला. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो आधी त्यांनीच खाली ठेवला. साहेब, तुमच्यापैकी कुणी कधी माझ्या हातातला ट्रे खाली ठेवला होता? आठवा. 

राहू दे.

आता तुमच्या परंपरेविषयी. ही परंपरा जिन्याखालच्या खोलीत होती. परीक्षा विभागाच्या मोडक्या खुर्च्या ठेवायलाही तीच खोली होती. विद्यार्थी आले की मी खुर्च्या बाहेर काढायचो, विद्यार्थी गेले की आत. मग तो रशियनांचा देश फुटला. तेव्हा एक मोठे अधिकारी हसत हसत बाईंना म्हणाले, "देशच गेला, आता काय शिकवणार?" बाई म्हणाल्या, "भाषा. ती बोलणारे सगळे जिवंत आहेत." अधिकाऱ्यांना ते कळलं नाही. त्यांनी आणखी चार खुर्च्या पाठवल्या.

पुढे हरमलच्या किनाऱ्यावर रशियन पाहुणे येऊ लागले आणि एका सकाळी विद्यापीठाला आठवलं, अरे, आपल्याकडे परंपरा आहे! मग समारंभ, समई, शाल. भाषणात कोण काय बोललं? पर्यटन आणि उद्योग. बाईंना शाल दिली आणि बोलायला दोन मिनिटं दिली.

हरमलचे लोक बसलेत म्हणून तुम्हालाही सोडत नाही. तुम्हाला तरी काय हवं होतं? रविवारी बाई तुमच्याकडे किनाऱ्यावरच्या बंद शॅकमध्ये, त्या झावळ्यांच्या हॉटेलात, शिकवायला यायच्या, मी फळा घेऊन बरोबर असायचो. तुम्ही म्हणालात, बाई, फक्त खोलीचं भाडं आणि स्कूटरचं भाडं सांगायला शिकवा. बाई म्हणाल्या, आधी नाव, मग बापाचं नाव. तेव्हा तुमच्यातला एक टॅक्सीवाला ओरडला, "बाई, गिऱ्हायकाक बापाशीचां नांव विचारलां तर तां पळान जातलां!"

बाई म्हणाल्या, "पळलां तर पळांदी."

निम्मे लोक पुढच्या रविवारी आले नाहीत. ते आज टेम्पोतून आलेत, रडायला. मालूबाय तेवढी टिकली. ती खोल्या भाड्याने देते, तिकडे मागे बसलीय. तिच्याकडे एक म्हातारी रशियन बाई चार दिवसांसाठी आली होती. मालूबायने तिला गेटावर नाव आणि बापाचं नाव घेऊन हाक मारली. ती म्हातारी पिशवी टाकून उभीच राहिली, आणि मग पावसापर्यंत राहिली. मालूबाय, तू काय म्हणालीस ते सांगू? "भाडां तेवढां शिकले आसते तर ती चार दिसांनी गेली आसती." बघा, हिला पहिला धडा कळला. हिला कुणी मंचावर बसवलं नाही.

आता व्ही.

व्ही म्हणजे विश्राम. विश्राम गावस, ह्याच कारापूरचे, बाईंचे वडील. वास्कोच्या बंदरात मजूर होते. जहाज लागलं की दोर धरायचे, खेचायचे, बांधायचे. बंदरात त्यांनाही नाव नव्हतं, 'ए' होतं. एका रशियन जहाजावर एक खलाशी होता. त्याने खाणाखुणा करून यांचं नाव विचारलं, मग बापाचं विचारलं. हे म्हणाले, गोपाळ. पुढे ते जहाज लागलं की तो वरून हाक मारायचा, "विश्राम गोपाळोविच!" खालचे मजूर यांची थट्टा करायचे, "ये गोपाळोविच, दोर धर रे!" विश्रामबाब हसायचे आणि दोर धरायचे. पण घरी येऊन त्यांनी मुलीला सांगितलं, "बाय, ती भास शीक. थंय मजुराकय बापूस आसता."

ऐकलंत, साहेब? तिथे मजुरालाही बाप असतो. हे ऐकून ती मुलगी शिकली. तुमची दीर्घ परंपरा वास्कोच्या धक्क्यावर दोर ओढत होती. तिचं तुम्ही इनिशियल केलंत. आणि आता जाहीर करताय की परंपरा पुढे नेणार. कुठल्या खोलीत नेणार? बाई जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर दारावरची पाटी काढलीत. मी काल जाऊन बघून आलो. आत झेरॉक्सचं मशीन बसवलंय.

पाणी आहे का कुणाकडे? नको, राहू दे. झालंच.

तुम्हाला इतकं बोललो. आता स्वतःचं सांगतो, नाहीतर घरी जाऊन झोप लागायची नाही.

बाई मला महादेव तुळसिच म्हणायच्या, आणि मी काय म्हणायचो? 'बाई.' एकतीस वर्षं 'बाई.' धड्यात एकाने नाव घ्यायचं आणि दुसऱ्याने उत्तरात नाव घ्यायचं, असं आहे. बाई मला वर्गात म्हणायच्या, "आता तू मला हाक मार." मी मान खाली घालायचो. शिपायाने बाईंचं नाव घ्यायचं? वर त्यांच्या वडिलांचंही घ्यायचं? कुणी ऐकलं तर काय म्हणेल? मी निवृत्त झालो त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज तरी म्हण." मी म्हटलं, "बाई, जीभ वळत नाही." खोटं बोललो. जीभ चांगली वळत होती. बसस्टॉपवर मी म्हणायचो, विहिरीवर पाणी काढताना म्हणायचो, गुरांनासुद्धा ऐकवायचो. फक्त त्यांच्यासमोर तोंड उघडत नव्हतं. भेकड माणूस मी. मंचावरच्यांना तरी ते नाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

गेल्या शनिवारी दुपारी इस्पितळात गेलो होतो. बाईंच्या नाकात नळी होती. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मला बघून त्या म्हणाल्या, "महादेव तुळसिच." आणि थांबल्या.

थांबल्या, मंडळी. मला कळलं त्या कशासाठी थांबल्यात ते. पहिला धडा होता तो. आता माझी पाळी होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्सही नव्हती. कुणाला भ्यायचं होतं मी? आणि मी काय म्हणालो? "बाई, पाणी हाडू?" पाणी आणू का, म्हणे.

त्यांनी डोळे मिटले. सोमवारी त्या गेल्या.

साहेब, तुम्ही पहिल्या धड्यात नापास आहात ते मी मघाशीच दाखवलं. मीही तुमच्याच रांगेत आहे. फरक एवढाच की मला उत्तर येत होतं.

मंडळी, आता उठा. मंचावरच्यांनीही उठा. माझं बोलून झालं की दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आभार मानू नका, परंपरा म्हणू नका, घसा खाकरू नका. बस जाईना का. पेडण्याला उद्याही जाता येतं.

रशियन लोक भेटल्यावर जो शब्द म्हणतात तो मला येतो. पण त्याचा अर्थ तब्येत सांभाळा असा आहे, आज तो चालत नाही. म्हणून तो सोडून त्यांच्या रीतीचे दोन शब्द घेतो, आणि पुढचे आपले.

सुनंदा विश्रामोव्ना.

महादेव तुळसिच बोलतोय. देव बरें करूं.