वंदनाच्या दुधाचा आकडा

जाफराबादहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

"उषाबाई, आज कुणीकडं?"

"सुनेच्या लॅबमदी. खाण्यात अणूची किरणं हायेत का, ते मोजायचं यंत्र आलंय तिथं. वंदना चालवायला शिकून राह्यली."

"शिकलेली सून पाहिजे म्हणून तुम्हीच हट्ट केल्ता."

"केल्ता बाई. शिकता शिकता तिनं सोताचं दूध यंत्रात ठेवलं. किरणांचा आकडा आला. तवापासून लेकराला अंगावर पाजत न्हाई."

"मंग गाईचं द्या."

"त्याचाही आला. समद्यात कमी साखरपाण्याचा, तेच पाजून राह्यली. लॅबचे साहेब म्हणत्यात, एवढं निसर्गातच असतंय, बिनघोर पाजा."

"बराबर हाय की."

"तिला शून्य पाहिजे. रिकामा डबा ठेवला, तरी आकडा आला म्हणं."

"रिकाम्यात काय असतंय?"

"मला काय माहीत?"

"आन् बाळ कुणापाशी ठेवलं?"

"घरी असतं तर मी कशाला निघाले असते? सकाळी तिनंच नेलं. म्हणली, आधी याचा आकडा बघते, मंग पदराखाली घेते."

"आन् आला तर?"

"साहेब म्हणत्यात, जित्या माणसाचा येतोच."