गणपती मोडले म्हणायचं कुणी?

मंडळी, ऐका! आज प्रश्न साधा आहे. आपलं नुकसान झालं, वर कुणीतरी आपल्याला गुंडाळलं, आणि आपण हात जोडून म्हणालो, "जाऊ दे, देवाची इच्छा!" — तर ही भक्ती झाली की भित्रेपणा?

सांगा! आता जेवणाच्या पंगतीत तर कसे खणखणीत बोलत होता! पेटीवाले मास्तर, तुम्ही? तेही खाली बघतायत. बरं, मग आख्यानच लावतो.

कुडाळच्या बाजूला एका गावात वासू चितारी नावाचा मूर्तिकार. त्याची गणपतीची शाळा होती. मुंबईचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो, मूर्ती घडवतात त्या मांगराला, म्हणजे कौलारू खोपटाला, आमच्याकडे शाळा म्हणतात. विद्यार्थी सगळे एकाच वर्गातले, सगळे मोठ्या पोटाचे, आणि एकही नापास नाही!

वासू स्वभावानं इतका मऊ, की अंगावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाही "अहो" म्हणेल. बायको शेवंती मात्र रोखठोक. तिनंच मागे लागून शाळेचा विमा उतरवायला लावला — छपराचा आणि मूर्तींचा. हप्ता कधी चुकवला नाही.

आणि श्रावणात वारा सुटला! असा सुटला, की मांगराशेजारचा फणस मुळासकट आडवा — थेट शाळेवर! कौलं गेली, वासे गेले, आणि खाली रांगेत बसलेले गणपती... काय सांगू! रंग झाले होते, दागिने झाले होते. फक्त डोळे आखायचे राहिले होते. आपल्याकडे डोळे शेवटी. अंघोळ करून, मनात नाव घेऊन आखायचे.

चार दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. कंपनीचं नाव विचारू नका, मी घेणार नाही — माझाही विमा आहे! तो म्हणाला, "बोला, काय काय मोडलं? गणपती मोडले ना?"

वासूनं दोन्ही कान धरले. "शिव शिव! असा बोलू नये वो. गणपती खंयचे मोडतत? डोळे आखूक नाय तवसर ती मातीच. माती मोडली!"

सर्व्हेअर खूश! त्यानं लिहिलं, "विमाधारकाच्या सांगण्यानुसार फक्त माती." वासूनं खाली सही ठोकली. वर त्याला चहा पाजला, आणि जाताना दोन नारळ दिले! मंडळी, आपला गळा कापणाऱ्याला सुरी धुवून देणारा माणूस पाहिलाय कधी? हसू नका, तुमच्या शेजारीच बसलाय.

महिन्याभरानं कंपनीचा चेक आला. कशाचा? ट्रॉलीभर मातीचा!

लोकांचे आगाऊ पैसे परत देऊन झालेले. शाळा उघडी बोडकी. पुढच्या वर्षी छप्पर उभं राहिलं नाही, तर बापजाद्यांची शाळा बंद, आणि वासूनं दुसऱ्याच्या कारखान्यात साच्यातले गणपती रंगवायला जायचं. आणि वासू काय म्हणतो? "जांव दे गे. देवाची इच्छा."

शेवंती उसळली! "देवाची? देवान सही केल्यान की तुमी?"

तिनं कंपनीला पत्र धाडलं. उत्तर आलं, "आपण स्वतःच माती म्हणालात." मग ती जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेली, विचारपूस केली, आणि वकील न लावता वासूच्या नावानं तक्रार दाखल केली. वकील लागतोच असं नाही, हे तिला तिथल्या कारकुनानंच सांगितलं. तुम्हाला माहीत होतं? नव्हतं ना? मलाही नव्हतं!

सुनावणीचा दिवस. समोर अध्यक्षबाई. कंपनीकडून तेंडोलकर वकील — काळा कोट, कपाळाला गंध. उठले आणि म्हणाले, "मॅडम, हे स्वतः म्हणतात माती. आम्ही मातीचे पैसे दिले. विषय संपला!"

बाई वासूला म्हणाल्या, "माती का म्हणालात?"

वासू हात जोडून, "बाईनु, गणपती... तसे झाले, असा आमी तोंडान म्हणनव नाय."

वकील हसले. "अंधश्रद्धा आहे, मॅडम! दोन शब्द तर आहेत. म्हणायला काय जातं?"

बाई म्हणाल्या, "काहीच जात नाही ना? मग तुम्हीच म्हणून दाखवा. म्हणा, 'माझ्या घरचा गणपती मोडला.'"

वकिलांनी तोंड उघडलं. "माझ्या घरचा..." इथवर गाडी आली. मग खाकरले. पाणी प्यायले. परत, "माझ्या घरचा ग..." — आणि त्या काळ्या कोटातल्या माणसानं, भर आयोगात, दोन्ही कान धरले! "नको हो मॅडम! आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. उद्या संकष्टी आहे!"

अख्खी खोली हसली. शिपाई तर भिंतीकडे तोंड करून हसला!

पण बाई हसल्या नाहीत. "वासुदेवराव, का म्हणालात ते कळलं. पण नुकसान काय झालं, हे मला तुमच्या तोंडून हवंय."

शेवंती उठली, "मी सांगतंय! पाप लागांदे माका!" बाईंनी हातानंच तिला बसवलं.

वासू उभा राहिला. आयुष्यभर ज्या जिभेनं अभद्र शब्द काढला नाही, ती जीभ उचलेना. त्यानं बायकोकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता. आणि मंडळी, तो बोलला.

"मोडले. माजे गणपती मोडले, बाईनु. हातांनी केलले. सगळे मोडले."

आणि लहान पोरासारखा रडला. इतके महिने रडला नव्हता हो! माती मोडली म्हटल्यावर रडणार कशासाठी? कुणी हसलं नाही आता. तेंडोलकर वकील खाली बघत होते.

निकाल लागला. मूर्तींची पूर्ण भरपाई, छपराचे पैसे, आणि मनस्तापाचे वेगळे. शाळा उभी राहिली.

आता तुमच्याकडे वळतो. पळू नका, प्रसाद शेवटी आहे! वासूला वाटलं, आपण गप्प राहून देवाला सांभाळतोय. अरे, तुझ्या एका शब्दानं मोडेल तो देव कसला? शब्दानं देव मोडत नाही. गप्प बसल्यानं घर मोडतं! आणि तुम्ही? विमा नाकारला — गप्प. बँकेनं न मागितलेलं काहीतरी गळ्यात मारलं — गप्प. वर म्हणता, "आम्ही सोशिक, आम्ही भाविक!" देवाच्या नावावर आपलं भित्रेपण किती दिवस खपवायचं?

चला, आता नामाचा गजर करू. पण ओठातल्या ओठात नको. तोंड उघडायची सवय देवळातच लागू दे — उद्या ऑफिसच्या खिडकीवर उपयोगी पडेल. म्हणा, मोठ्यानं!