कुलूप कापल्याबाबत

मी, गुनवोर हेस्टनेस, वय ५३ वर्षे, धंदा माशांच्या खाद्याच्या कारखान्यात सफाई, राहणार स्टोकविका, नॉर्वे, ठाण्यात बोलावल्यावरून सांगते ते असे.

आमचा पाळीप्रमुख एइलिफ मोएन याने तक्रार दिली आहे की मी त्याला मिश्रणाच्या पिंपात उतरवून कोंडलं आणि जिवाची भीती घातली. त्यावरून माझी नोकरी जायची वेळ आली आहे.

सदर पिंप दोन पुरुष उंच असून आत पोलादी पाती आहेत. साफ करणाऱ्याने आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, पायताणं बाहेरच्या शिडीखाली काढायची आणि मग वरच्या झाकणातून आतल्या शिडीने उतरायचं. कुलूप आहे तोवर पाती फिरत नाहीत. कुलपावर नाव असतं. ज्याचं कुलूप, तोच काढणार.

गुरुवारी मी आत खरवडत होते. धक्क्यावर बोट माल भरायला थांबली होती. स्विचजवळ पंप चालतो, म्हणून तिथे माणसं ओरडून बोलतात. ते आत ऐकू येतं. आतलं बाहेर जात नाही.

एइलिफ म्हणाला, "गुनवोर घरी गेली आणि कुलूप विसरली. म्हातारीचं डोकं चालत नाही हल्ली."

मेकॅनिक रेइदार म्हणाला, "फोन कर की तिला."

"केला. उचलत नाही. काप तू."

फोन माझ्या कपाटात होता. आत न्यायला बंदी आहे. मी खरवडणी पत्र्यावर आपटली. कुलूप तुटल्याचा आवाज आला.

मग रेइदार ओरडला, "अरे, स्विचवरून हात काढ! तिची पायताणं शिडीखाली आहेत. अनवाणी गेली काय ती बर्फातून?"

मला त्यांनी वर काढलं. एइलिफचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "मला काही दिसलं नाही गं. तू इथे उभी राहून बघ."

मी उभी राहिले. तिथून आतलं माणूस खरंच दिसत नाही. पायताणंसुद्धा वाकल्याशिवाय दिसत नाहीत. मी त्याला तसं म्हणाले. जे आहे ते आहे.

नंतर मी एइलिफला म्हणाले, "आता तू माझ्या जागी उतर." तो आपण होऊन उतरला, मी ढकललं नाही. एइलिफसारख्या ऑफिसातल्यांना कुलूप देत नाहीत, म्हणून मी माझं नवं लावलं आणि किल्ली खिशात घातली. रेइदारचा कटर घेऊन त्या कुलपावर दोनदा वाजवला आणि ओरडले, "कोणी नाही आत! काप!" कटर दाबला नाही. रेइदार साक्षीला आहे. आतून हाक आली का, ते मला सांगता येणार नाही. पंप चालू होता.

थोड्या वेळाने रेइदार वर चढून बघून आला. म्हणाला, "तो खाली बसलाय. शिडीला हात लावत नाही." दोघांनी त्याला काढलं.

कोंडलं हे खोटं. वरचं झाकण सताड उघडं होतं, शिडी लावलेली होती. दहा-बारा पायऱ्या चढून तो बाहेर येऊ शकला असता. का आला नाही, असं तुम्ही विचारलं. तेच मला माझ्याबद्दल विचारा, कुलूप तुटल्यावर मी का चढून आले नाही. झाकण तेव्हाही उघडंच होतं.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे. "मी घाबरले होते" हे शेवटी लिहून घेणाऱ्याने आपल्या मनाने घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. मग परत लिहायला सांगितलं.