वहिनीचा पासपोर्ट

माझी वहिनी मूळची श्रीलंकेची. तिला भारताचं नागरिकत्व घ्यायचं होतं, म्हणून फी, भाषांतरं, दिल्लीच्या फेऱ्या असा सगळा हिशोब करून ती दोन वर्षं घरखर्चातून पैसे बाजूला काढत होती. शेवटी तिकडचं नागरिकत्व सोडायची वेळ आली. त्या सकाळी तिनं पासपोर्ट आणि उरलेल्या पैशांतून फीचा ड्राफ्ट दिल्लीतल्या श्रीलंकेच्या वकिलातीत कुरिअर केला. दुपारी कोलंबोहून फोन आला, तिची आई आयसीयूत आहे.

दादा ड्यूटीवर होता. मी वहिनीला स्कूटरवर घेऊन घराजवळच्या इंद्रपुरी वस्तीतलं कुरिअर ऑफिस गाठलं. बाहेर गाडी भरत होते.

"बुकिंग हो गई मैडम, अब नहीं मिलेगा," मॅनेजर म्हणाला.

"भैया, मेरी माँ जा रही है."

त्यानं गाडी भरणाऱ्यांना थांबवलं. "आईडी दिखाइए."

"उसी लिफाफे में है."

घाईत आम्ही दुसरं काही घेतलंच नव्हतं. त्यानं गाडीतली पोती उतरवली, पाकीट शोधून फाडलं, फोटो पाहिला, वहिनीकडे पाहिलं आणि सगळं तिच्या हातात दिलं.

ड्राफ्ट रद्द करून तिकीट काढलं. आई शुद्धीवर असताना भेट झाली, मग ती गेली.

नागरिकत्व वर्षभर लांबलं, पैसे पुन्हा साठवावे लागले. ते मिळालं त्या दिवशी दादानं विचारलं, "एकूण किती खर्च आला गं?"

"ते तिकीट धरून सांगते," वहिनी म्हणाली. "आईला न भेटता तुझ्यासाठी इथली झाले असते, तर तुला कधी माफ केलं नसतं."