जागा सोडायची नाही

सर : माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, जालिंदर. दोन्ही वेळा तो सहा नंबरवाला तुझ्याच जागेतून चेंडू घेऊन पळाला. तू तिथे का नव्हतास?

जालिंदर : हुतो की, सर. जरासा बाजूला सरकलतो.

सर : अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘जरासं’ म्हणजे बारा गुण. आपले चौदा आहेत, म्हणून या मध्यंतरात आपण मान वर करून बसलो आहोत. कारखान्याचा हा संघ चेंडू फेकतच नाही. काखेत धरून नुसता पळतो. त्यावर उपाय एकच. प्रत्येकाने आपल्या पुढची फट बुजवून उभं राहायचं, चेंडूमागे जायचं नाही. तीन महिने हेच शिकवलं ना मी?

जालिंदर : शिकवलं. पर तो गडी शेजारी आश्रुबाच्या अंगावर घुसायला लागला, तर बघत थांबू व्हय?

सर : हो. बघत थांबायचं.

जालिंदर : आमच्यात तसं न्हाई. उसाच्या फडात शेजारच्या जोडीची सरी मागं पडली, की आपली टाकून त्यांची तोडायला जायचं. न्हाईतर गाडी भरत न्हाई.

सर : ऊस पळत नाही, जालिंदर.

आश्रुबा : त्याला रागवू नका, सर. चूक माझी हाय.

जालिंदर : गप बे, आश्रुबा.

आश्रुबा : गप कावून? उजवा खांदा वर हुईना, सर. परवा टँकरवर रेटारेटी झाली, भरला हंडा खांद्यावर आला. ह्याला ठाऊक हाय, म्हणून माझ्याकडं पळतंय.

सर : आणि मला हे आत्ता कळतंय.

आश्रुबा : आधी सांगितलं असतं, तर खेळवलं असतं का? आपण अकराच उरलाव. शिरूर कासारची बाकी पोरं ट्रकात बसून कवाच ऊसतोडीला गेली.

जालिंदर : हरलो तर सोमवारी आमीबी त्याच वाटंनं. जिंकून राज्याच्या स्पर्धेला गेलो, तर पोलीस भरतीत दाखवायला खेळाचा एखादा कागद तरी हुईल.

सर : बसू द्या मला जरा. चौतीस वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं. तडा गेलेल्या भागावर भार टाकू नये, हे पहिल्याच वर्षाला सांगायचो. आणि याला मधोमध उभा केला. पाणी आहे का?

आश्रुबा : घोटभर हाय. घ्या.

सर : राहू दे, तूच पी. आणि ऐका. आश्रुबा, तू उजव्या टोकाला जा. दुखरा खांदा बाहेरच्या रेघेकडे राहील, धक्का डाव्यावर घे. त्या सहा नंबरवाल्याला पाडू नकोस. फक्त बाहेरून जाऊ देऊ नकोस, आत वळव.

आश्रुबा : आत कुणाकडं?

सर : जालिंदरकडे. तो जागेवर असला तर.

जालिंदर : अन् हा पडला तर?

सर : पडेल. तू हललास, तर त्याचं पडणं वाया जाईल.

जालिंदर : लई वंगाळ बोलता, सर.

सर : माहीत आहे मला.

(सामना चौदा-बारावरच संपला. दोन तासांनी, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर.)

सर : काय म्हणाले डॉक्टर?

आश्रुबा : गळ्याजवळचं हाड मोडलंय, डावीकडचं. दीड महिना हात बांधून ठेवायचा.

सर : डाव्यावर घे, असं मीच सांगितलं होतं.

आश्रुबा : पर वळला ना तो आत?

सर : वळला. तीनदा तुझ्या बाजूने आला, तिन्ही वेळा वळला. मी घरी तुझ्या आईला फोन लावून येतो. बसा तुम्ही.

जालिंदर : आश्रुबा.

आश्रुबा : हं.

जालिंदर : शेवटच्या वेळी तू पडलास, वरडलास. मी धा पावलांवर हुतो, अन् मी हाललो न्हाई.

आश्रुबा : पडल्या पडल्या तुझ्याकडंच बघत हुतो मी.

जालिंदर : मंग?

आश्रुबा : लई अवघड गेलं असंल तुला.